हिरवी जाळी

१

विनीत सुखरूप वर आला, हे आधी लिहिते. तो आला नसता तर पुढचं काहीच लिहिण्याजोगं उरलं नसतं.

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी साईनाथ परुळेकर वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आले, चहा नको म्हणाले, आणि बाबांचा रेग्युलेटर त्यांनी बाबांच्याच टेबलावर ठेवला. साईनाथ मालवणला स्कूबा डायव्हिंगची शाळा चालवतात, विनीत त्यांच्याकडे शिकवतो. दोघांनाही हे काम शिकवलं ते माझ्या बाबांनी, विश्राम तिरोडकरांनी. गोदीतली नोकरी संपल्यावर बाबांनी हा गाळा घेतला आणि बावीस वर्षं एकच काम केलं. खाऱ्या पाण्यातून आलेलं डायव्हिंगचं सामान उघडायचं, मीठ काढायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा बंद करायचं. ऑगस्टमध्ये ते गेले.

रेग्युलेटर म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाला पेलेल इतकी सौम्य करून देणारं यंत्र. बाबा त्याच्या दोन भागांना धड आणि तोंड म्हणत. धड पितळेचं, वरून क्रोमचा मुलामा. ते सिलिंडरवर घट्ट बसतं. तोंड दातांत धरायचं, त्यावर एक बटण असतं. मध्ये रबरी नळी. हा संच बाबांचा स्वतःचा, तीस वर्षांचा. जुलैत त्यांनी तो शेवटचा उघडून बांधला आणि पेटीत ठेवला. नोव्हेंबरातल्या एका रविवारी गाळा उघडून मी ती पेटी विनीतला दिली. तो त्यांचा शेवटचा विद्यार्थी. त्याच्याकडेच जावी असं वाटलं. पेटीत एक आपट्याचं पान होतं. बाबांनी मागच्या दसऱ्याचं ठेवलं असेल म्हणून ते मी घेतलं आणि वाचत होते त्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. रेग्युलेटर इतका चकचकीत होता की विनीत म्हणाला, "ताई, सरांनी नवाच करून ठेवलाय."

साईनाथनी आता धडावरची रबरी टोपी काढली. हवा आत शिरते त्या जागी नखाएवढी पितळी जाळी असते. ती सोनेरी असायला हवी. ती हिरवी होती, विहिरीच्या पायरीसारखी.

"शनिवारी बारा मीटरवर विनीतची हवा तुटत गेली," ते म्हणाले. "शेजारच्यानं आपली दिली म्हणून..."

नळीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून होती. 'तपासले. ठीक. वि. ति.' खाली जुलैची तारीख.

"नीरजाताई, अशाच चिठ्ठ्या माझ्या चाळीस संचांवर आहेत. याच पावसाळ्यातल्या. मी सगळे डाइव्ह थांबवलेत. रविवारपर्यंत कारण कळलं तर बरं. नाहीतर किनाऱ्यावरच्या बाकीच्यांना सांगावं लागेल की तिरोडकरांची चिठ्ठी असलेलं काही वापरू नका. मला ते सांगायचं नाहीये."

"बाबांचं काम असं नसतं," मी म्हटलं.

"साहेबांचे हात शेवटी थरथरत होते. मला दिसत होतं, मी बोललो नाही." ते दाराशी थांबले. "विनीत गेला असता तर माझ्या न बोलण्यानं गेला असता."

२

हेमा ताम्हाणे ठाकुर्लीला राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाहिली. रंगवलेले पत्रे मिठाच्या फवाऱ्यात टांगायचे आणि गंज कुठून सुरू होतो ते लिहून ठेवायचं. बाबा अडले की त्यांच्याकडे जात. दोघं तासन्‌तास गंजावर बोलत, आणि आई म्हणायची, "यांना कुणीतरी एखादं नाटक दाखवा हो."

मावशींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं.

"रडून आलीस की रडायचं राहिलंय?"

"राहिलंय."

"मग राहू दे. आण इकडे ते."

खिडकीपाशी बसून त्यांनी भिंगातून जाळी पाहिली.

"जाळी लाल झाली तर सिलिंडर आतून गंजलाय. काळी झाली तर हवा भरायच्या मशीनचं तेल येतंय. तसं असतं तर दोष साईनाथच्या घरचा. हिरवी म्हणजे पितळेला पाणी लागलं, आणि आत बरेच दिवस राहिलं. एका डाइव्हचं हे काम नव्हे. माणसं घाई करतात, गंज करत नाही."

"विनीतनं आधी वापरला असेल, आणि नीट धुतला नसेल?"

"असेल. विचारू त्याला."

"नाहीतर जगननं मागाहून उघडला असेल." जगन आमच्या गाळ्यातला मेकॅनिक, एकोणीस वर्षं बाबांच्या शेजारी उभा राहिलेला. त्याचं नाव घेताना मला लाज वाटली. पण दुसरी शक्यता बाबांची होती, आणि ती मला त्याहून नको होती.

मावशींनी धड फिरवलं. "ही डाळिंबी रेघ कसली?"

ते आईचं नेलपॉलिश. धडाचे दोन भाग आवळून झाले की बाबा सांध्यावरून एक रेघ ओढत. नंतर कुणी ते फिरवलं तर रेघ तुटते. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ते तोच रंग आणत. दुकानातली मुलगी विचारायची, "काका, कुणासाठी हो?" बाबा सांगायचे, "कामासाठी."

मावशींनी बराच वेळ भिंग धरून ठेवलं.

"रेघ वाकडीतिकडी आहे, पण अखंड आहे. जुलैनंतर हे कुणीही उघडलेलं नाही."

"म्हणजे जगन नाही."

"नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे आतला शेवटचा हात विश्रामचा."

३

विनीतचं घर डोंबिवलीत, शिकवण्यापुरता तो मालवणला जाऊन-येऊन असतो. डॉक्टरांनी त्याला दोन आठवडे घरी बसवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो हुंदडायला न मिळालेल्या वासरासारखा पलंगावर बसला होता आणि त्याची बायको संचिता मटार सोलत होती.

"पाचव्यांदा सांगतोय हा," ती म्हणाली. "दर वेळी खोली दोन मीटरनं वाढते."

"अगं, बाराच मीटर होतं. ताई, मी तो पहिल्यांदाच घेऊन गेलेलो. सरांचा म्हणून महिनाभर नुसता बघत होतो. पेटीतून काढायचो, परत ठेवायचो."

"खरंय," संचिता म्हणाली. "माझ्याकडे इतकं बघितलं नाही कधी."

मावशींनी विचारलं, "उतरण्याआधी तपासलास?"

"हो तर. वर एकदम मक्खन. खाली गेलो तशी हवा ओढावी लागली. आधी थोडी, मग जास्त. घट्ट मिल्कशेक स्ट्रॉनं ओढतो ना, तसं. मग तेही बंद."

"जाळी अर्धी बुजलेली. वर पुरते, खोलवर हवा जास्त लागते तेव्हा पुरत नाही," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "आणखी काही आठवतं? कितीही फालतू असलं तरी सांग."

तो ओशाळला. "हसाल तुम्ही. पहिला श्वास आंबट लागला."

"आदल्या दिवशी सोलकढी किती प्यायला ते विचारा," संचिता म्हणाली.

मी हसले. मावशींनी मात्र वहीत लिहिलं, 'आंबट'.

निघताना विनीत उठून उभा राहिला. "ताई, सर सांगायचे, हवा गेली की आधी थांब. चारपर्यंत मोज, मग शेजाऱ्याकडे हात कर. मी मोजलं. म्हणून आज इथे मटार खाणार आहे. लोक काय बोलतायत मला माहितीये. मी सरांमुळे बुडत नव्हतो. सरांमुळे वर आलो."

जिन्यात मावशी म्हणाल्या, "हा खरं बोलतो. रेग्युलेटर एकाच डाइव्हला गेलाय."

विनीत नाही, जगन नाही, साईनाथ नाहीत. मी एकेक नाव खोडत होते आणि दर नावागणिक बाबांच्या जवळ जात होते. तेवढ्यात फोन वाजला. जगन होता.

"ताई, एक सांगायचंय. समोर या. त्या चिठ्ठ्यांवर साहेबांची सही आहे ना, ती खोटी नाय. पण पूर्ण खरी पण नाय."

४

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी गाळ्यात पोहोचलो तेव्हा जाईबाई झाडत होती. ती चेंदणी कोळीवाड्यातून येते, बाबांनी गाळा घेतला तेव्हापासून. तिनं मला पाहून केरसुणी भिंतीला लावली, चहा ठेवला आणि मागे गेली. कोनाड्यातला पितळी गणपती नेहमीसारखा लखलखत होता. ते काम तिचं.

जगननं स्टूल ओढून दिलं. बाबांचं स्टूल.

"साहेबांना मे महिन्यापासून पाना धरवत नव्हता. चाळीसच्या चाळीस संच मी आवळलेत. ते इथे बसायचे. मी पाना फिरवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. जरा जास्त झालं की 'जगन, थांब.' कानानं कळायचं त्यांना. मग चिठ्ठी ते लिहायचे आणि रेघ ते ओढायचे. ब्रश दोन्ही हातांनी धरून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज फोनवर विचारायचा, बाबा काम करतायत ना? करत होते की."

त्या चार महिन्यांत बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघत, संध्याकाळी दमून, समाधानानं परत येत. ते समाधान त्यांना कुणाच्या हातांनी मिळत होतं, ते मला आता कळत होतं.

मावशींनी रेग्युलेटर टेबलावर ठेवला. "आणि हा?"

जगननं मान खाली घातली.

"हा नाय. ह्याला त्यांनी मला हात लावू दिला नाय. बोलले, माझा आहे, मीच करणार. तीन दिवस लागले. मला बाहेर बसवलं. एकदा वॉशर पडलेला, मी उचलायला आत गेलो तर ओरडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा." त्यानं रेग्युलेटर मावशींकडे सरकवला. "म्हणून तर साईनाथशेटना काय बोलू शकलो नाय. चाळीसांची गॅरंटी मी देतो, ताई. ह्या एकाची नाय देऊ शकत."

म्हणजे एवढा एकच संच सर्वस्वी बाबांच्या थरथरत्या हातांचा होता. आणि तोच बिघडला होता.

मावशींनी चहा संपवला. "उघडू या."

"रेघ तुटेल," मी म्हटलं.

"तुटेल. पण न उघडता तो दोषी राहील, आणि तू आयुष्यभर त्याची वकिली करत बसशील. जगन, पाना घे."

५

रेघ तुटली तेव्हा आवाज झाला नाही. मला उगाच वाटलं होतं की होईल.

जगन एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडत गेला. रबरी कड्या, स्प्रिंग, झडप. मध्येच त्याचे हात संथ झाले. एक कडी त्यानं उजेडाकडे धरली, मग दुसरी.

"ताई, हे बघा. एकही कडी पिळलेली नाय. ग्रीस बघा, चमक येईल एवढंच, बोटाला लागत नाय. चरे नाहीत, काय नाय." त्यानं झडप माझ्या तळहातावर ठेवली. "मला असं बांधता येत नाय. दोन हात धड असून येत नाय."

मी ती झडप बराच वेळ धरून होते. तीन दिवस, कुणी बघत नसताना, हात ऐकत नसताना, माझ्या बाबांनी एक निर्दोष काम केलं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. हिरवी जाळी दिसली नसती तर ते मला कधीच कळलं नसतं.

पण पाणी आत शिरलं होतं, हेही खरं होतं. स्प्रिंगच्या वेढ्यांत, नळीच्या टोकाशी, हिरवट खरपुडी.

मावशींनी शुद्ध पाण्यानं ती खरपुडी काचेच्या नळीत धुऊन घेतली आणि आणलेल्या बाटलीतले सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. "समुद्राचं पाणी असेल तर दुधासारखं पांढरं होईल."

तसं झालं नाही. किंचित धुकं आलं. मावशींनी दुसऱ्या नळीत गाळ्याच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. तेवढंच धुकं.

"ठाण्याचं पिण्याचं पाणी," त्या म्हणाल्या. "समुद्र सुटला बिचारा."

मग त्यांनी चिमट्यानं जाळीतून एक बारीक तपकिरी धागा ओढला. तो हुंगला. टोपीच्या आतल्या कडेला एक पिवळा डाग होता. मी तो जुन्या ग्रीसचा समजत होते. त्यांनी तो टाचणीनं कागदावर खरवडला आणि वर ओल्या साबणाची वडी टेकवली. डाग लाल झाला.

"साबण लागला की लाल होतो असा पिवळा डाग कशाचा असतो?"

लहानपणी हळदीकुंकवाहून आल्यावर आई माझा फ्रॉक धुवायची. "हळदीचा," मी म्हटलं.

"आणि हा धागा चिंचेचा. संचिताला सांग, सोलकढी निर्दोष आहे. हळद, आणि चिंचेनं घासलेलं पितळ. हत्यारांची पूजा. खंडेनवमी."

"पण यंदा पूजा झालीच नाय," जगन म्हणाला. "ताईच बोललेल्या, वर्षाच्या आत सण नको. मी गावी गेलेलो. गाळा आठ दिवस बंद होता."

"मागच्या वर्षीची हळद असेल," मी म्हटलं.

"साहेब रेग्युलेटरला हळद लावू द्यायचे नाय. व्हाइसच्या पकडीला लावायची, पान्यांना लावायची. आणि जुलैत सगळं धुऊनच बांधलेलं."

तेव्हा मला पान आठवलं. पिशवीतलं पुस्तक काढून उघडलं. आपट्याचं पान कडांना तपकिरी पडलं होतं, पण मधल्या शिरेशी अजून हिरवं होतं. वर्षभराचं पान असं राहत नाही; हात लावताच त्याचा चुरा होतो.

ते याच दसऱ्याचं होतं. पूजा झाली होती, बंद गाळ्यात, मी नको म्हटल्यावर.

६

"किल्ल्या किती?" मावशींनी विचारलं.

"तीन. माझी, जगनची..."

तिसरी म्हणायची गरज पडली नाही. आम्ही तिघांनीही कोनाड्यातल्या गणपतीकडे पाहिलं.

"दुखवटा तुझा आहे, तिचा नाही," मावशी म्हणाल्या. "पितळ चिंचेनं घासायची सवय तिची. टोपी काढली, जाळी पिवळी दिसली, तीही घासली. धागा तिथे अडकला. पण आत, स्प्रिंगपर्यंत पाणी कसं गेलं? टोपी तर नंतर घट्ट लावली होती. जगन, विश्राम कसा धुवायचा?"

जगननं दाखवलं. टेबलावर गोड्या पाण्याचा टब. टेबलाखाली कापडी पडदा, त्यामागे सिलिंडर. धड खाली सिलिंडरला जोडलेलं, नळी वर, तोंड पाण्यात. बाबा बटण दाबत आणि हवेचा झोत सुटून कानाकोपऱ्यातलं मीठ बाहेर पडे.

मावशी उठून दाराशी गेल्या, जिथे जाईबाईची केरसुणी टेकलेली असते.

"इथून मला टब दिसतो. हात दिसतो, बटण दिसतं. सिलिंडर दिसत नाही. बावीस वर्षं तिनं इथून एवढंच पाहिलंय. हवा जोडलेली नसताना पाण्यात बटण दाबलं तर झडप उघडते, पण बाहेर यायला हवाच नसते. मग पाणी आत जातं, नळीतून थेट धडापर्यंत. बाहेरून चकचकीत, आत तुंबलेलं पाणी, आणि पुढे दीड महिना बंद पेटी."

तिला गाळ्यात बोलावून विचारणं मला नको होतं. संध्याकाळी आम्ही चेंदणीला तिच्या घरी गेलो. तिचा नवरा काळुराम ओट्यावर जाळं विणत बसला होता. जाईबाईनं घाईनं पदर सारखा केला.

"जाईबाई, खंडेनवमीला बाबांच्या पेटीची पूजा तुम्ही केलीत ना?"

ती काळुरामकडे बघू लागली.

"मी रागवायला नाही आले. ते मी करायला हवं होतं. तुम्ही केलंत."

"बाय, तुमचा दुखवटा होता, आमचा नाय," ती हळू म्हणाली. "हत्यार बिनपूजेचा ऱ्हाला तर रुसतो. दादांचा तर कसा ठेवू? चिंचेनी घासला, दादांसारखा पाण्यात धरला, हलद लावली. दसऱ्याला पान ठेवला. तुमाला बोल्ले नाय, तुमी नको बोललेल्या."

काळुरामनं सुई थांबवली. "दादांनी आमच्या होडीच्या इंजनाला जस्ताचा ठोकला लावून दिलेला. खारा पानी आधी त्याला खातो, इंजन ऱ्हातो. ठोकला झिजला की दादा नवा द्यायचं. नऊ वर्सं एकच इंजन हाय माजा. तिनी पूजा नाय करायची तर कोनी करायची?"

मी पुढचं सांगणार नव्हते. पण जाईबाईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "त्या इनीतची हवा बंद झाली बोलतात. त्यो हाच काय?"

मावशींनी खोटं सांगितलं नाही. त्यांनी बटणाचं सांगितलं, सिलिंडरचं सांगितलं, अगदी साधेपणानं. जाईबाई ऐकत राहिली. मग तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले.

"दादा दाबायचं तवा कवढं बुडबुडं यायचं. मी दाबला, एक नाय आला. परत दाबला. मना वाटला, दादा गेलं म्हून त्यो मुका झाला."

काळुरामनं सुई खाली ठेवली.

"महिन्याहून जास्त पडून राहिलेलं काही तपासल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, हा बाबांचा नियम होता," मी म्हटलं. "तुम्हाला तो माहीत नव्हता. मला माहीत होता. पेटी मी दिली, जगनला न विचारता."

हे तिचं समाधान करायला म्हटलं नव्हतं. ते तसंच होतं.

७

रविवारी साईनाथ चाळीस संच गाडीत घालून आले, बरोबर विनीत. मावशींनी दोन पानी अहवाल लिहिला होता. साईनाथनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "माझा विश्वास आहे. तरी पाच उघडू."

"दहा उघडा," जगन म्हणाला. "तुम्हीच निवडा."

साईनाथनी डोळे मिटून पाच काढले. जगननं एकामागून एक उघडले. पाच डाळिंबी रेघा, सगळ्या वाकड्या. पाच जाळ्या, सगळ्या सोनेरी.

जगननं मग स्वतःहून सांगितलं की हे चाळीस त्याच्या हातचे आहेत. साईनाथनी त्याच्याकडे वळून विचारलं,

"आणि साहेब?"

"साहेबांनी ऐकलेत."

"मग पुढच्या पावसाळ्यात चिठ्ठीवर तुझं नाव घाल," साईनाथ म्हणाले. "आणि ताई, त्या दिवशी मी बाबांच्या हातांबद्दल बोललो..."

"तुम्ही विनीतसाठी बोललात. त्याबद्दल तुमचे आभारच आहेत."

"हा एक मात्र कुणी केला?"

"माझ्या गाळ्यात झाला, आणि न तपासता मी दिला. एवढंच लिहा."

"मी केला," दारातून आवाज आला. जाईबाई रविवारची येत नाही. ती नीट नेसून आली होती, हातात डबा होता.

विनीत वळला.

"जाईबाई, निदान चिंच तरी गोड बघून आणायची. खाली जीव चाललेला आणि तोंडात आंबट."

जाईबाईचा चेहरा कसाबसा धरून ठेवलेला होता, तो सुटला. आधी रडू आलं, मग त्यातूनच हसू. "तुज्यासाठी बोंबलाची चटनी आनलीय," ती म्हणाली. "खा, मेल्या."

जगननं बाबांचा रेग्युलेटर नव्या जाळीनं पुन्हा बांधला होता. आवळायचा तेवढा बाकी ठेवला होता. आता त्यानं माझ्या देखत पाना फिरवला आणि शेवटी कान जवळ नेऊन थांबला. मग नेलपॉलिशची बाटली माझ्यापुढे केली. मी सांध्यावर रेघ ओढली. माझीही वाकडी आली.

टेबलाखालचा पडदा आम्ही काढून टाकला होता. जगननं धड सिलिंडरला जोडलं, टबमध्ये पाणी भरलं, तोंड पाण्यात सोडलं. भिंतीवर बाबांच्या अक्षरात तीन ओळींची पाटी आहे: टोपी घट्ट लावा. गोड्या पाण्यात भिजवा. सावलीत वाळवा. तिच्याखाली मी चौथी ओळ लिहिली होती: हवा जोडल्याशिवाय बटण दाबू नये. बाबांना ती लिहायची गरज वाटली नसेल. इतक्या वर्षांत त्यांच्याशिवाय कुणी ते बटण दाबलंच नव्हतं.

"जाईबाई, या."

ती मागे सरली. "नको, बाय. माजा हात नको."

"तुमचाच हवा."

मावशींनी माझ्याकडे न बघता आपला रुमाल माझ्यासमोर ठेवला. जाईबाई टेबलाशी आली, खाली वाकून आधी सिलिंडर पाहिला, त्याला हात लावला, तो कपाळाला लावला. मग पाण्यात हात घालून तिनं बटण दाबलं.

पाणी टबच्या काठावरून उसळलं. तिनं हात काढला नाही.

"बोलला," ती म्हणाली.